पोलरॉइड विरुद्ध कोडॅक : ‘यात नवीन ते काय?’ या पेटंट वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा वाद कोणात आणि कशावरून झाला?

पोलरॉइड आणि ईस्टमन कोडॅक या दोन अमेरिकी कंपन्यांत. कोडॅकने २० एप्रिल १९७६ रोजी झटपट फोटोचे आपले ईके-४ आणि ईके-६ हे कॅमेरे आणि त्यांची पीआर-१० फिल्म जाहीर केली. सहाच दिवसांनी, २६ एप्रिलला, पोलरॉइडने मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल जिल्हा न्यायालयात दावा ठोकला. सुरुवातीला बारा पेटंटं पुढे केली होती, प्रत्यक्ष सुनावणी दहांवर झाली. न्यायाधीश राया झोबेल यांनी १३ सप्टेंबर १९८५ रोजी निकाल दिला: सात पेटंटांमधले वीस क्लेम वैध आहेत आणि कोडॅकने त्यांचा भंग केला आहे. २५ एप्रिल १९८६ रोजी फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने तो कायम केला.

कोडॅकचा बचाव दोन पायांवर उभा होता. एक, या क्लेममध्ये जे लिहिलंय ते आम्ही करतच नाही. दोन, करत असलो तरी हे पेटंट मुळात द्यायलाच नको होतं, कारण त्या काळच्या जाणकाराला ही गोष्ट सहज सुचली असती, म्हणजे ती ‘उघड’ होती (यालाच पुढे ‘उघडपणा’ म्हटलं आहे). खालचे बरेचसे प्रश्न या दुसऱ्या पायाबद्दल आहेत. ‘क्लेम’ हा शब्द इथे पेटंटच्या शेवटी येणाऱ्या, हक्काची हद्द आखणाऱ्या क्रमांकित वाक्यांसाठी वापरला आहे. ‘दावा’ म्हणजे कोर्टातला दावा.

‘डाय ट्रान्सफर’ म्हणजे जुन्या छायाचित्रकारांची ती महागडी प्रिंट पद्धत ना?

नाही, आणि हा घोळ फार होतो. कोडॅकची डाय ट्रान्सफर प्रिंट पद्धत १९४६ पासून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत विकली गेली. तिच्यात एका चित्राच्या तीन मॅट्रिक्स फिल्म करतात. जिलेटिन कडक करणाऱ्या डेव्हलपरमधून (चित्र उमटवणाऱ्या रसायनातून) काढून सुमारे ४९ अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात धुतल्या की कडक न झालेलं जिलेटिन वाहून जातं आणि कमीजास्त जाडीचा उठाव उरतो. तो उठाव निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगाच्या द्रावणात भिजवायचा, सौम्य ॲसेटिक आम्लात खळबळायचा आणि मॉर्डंट लावलेल्या कागदावर एकामागून एक दाबून रंग उतरवायचा. मॉर्डंट म्हणजे रंगाला धरून ठेवणारा पदार्थ. कापड रंगवणाऱ्यांना तो ओळखीचा आहे.

पोलरॉइडची पद्धत डाय डिफ्यूजन ट्रान्सफर. तिच्यातही रंग एका थरातून निघून मॉर्डंटच्या थरात जाऊन बसतो, पण हे सगळं बंद पाकिटात, अंधाराशिवाय, काही मिनिटांत आणि माणसाचा हात न लागता घडतं. खटला या दुसऱ्या पद्धतीचा. पहिली इथे एवढ्याचसाठी सांगितली की ‘रंग एका थरातून दुसऱ्यात नेणं’ ही कल्पना कुणाच्याच मालकीची नव्हती, हे ध्यानात यावं.

झटपट फोटोत रंग वर येतो तरी कसा?

पोलरॉइडच्या १९७२च्या एसएक्स-७० फिल्मचं उदाहरण घेऊ, कारण बाकीचं सगळं तिच्याशी ताडून समजतं.

फिल्मच्या तळाशी अपारदर्शक पाया असतो. त्याच्यावर जोडीजोडीने थर येतात: लाल प्रकाशाला जागं होणारं इमल्शन (चांदीच्या क्षाराचे कण असलेला थर) आणि त्याखाली निळसर रंग, हिरव्या प्रकाशाचं इमल्शन आणि त्याखाली किरमिजी, निळ्या प्रकाशाचं इमल्शन आणि त्याखाली पिवळा. दोन जोड्यांमध्ये एकेक पडदा. यातला रंग साधा नसतो. त्याच्या रेणूला हायड्रोक्विनोनचा तुकडा जोडलेला असतो, म्हणजे रंगही तोच आणि डेव्हलपरही तोच. याला डाय डेव्हलपर म्हणतात. ही कल्पना पोलरॉइडच्या हॉवर्ड रॉजर्स यांची आणि तिचं मूळ पेटंट १९६१चं. या सगळ्याच्या वर पारदर्शक पत्रा, आणि त्या पत्र्याच्या आतल्या बाजूला आम्लाचा थर, अल्कलीला वाटेत उशीर लावणारा रोधक थर आणि मॉर्डंटचा थर.

फोटोच्या रुंद पांढऱ्या पट्टीत एक छोटी पुडी असते. तिच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं दाट द्रावण. फोटो बाहेर पडताना दोन रोलर ती पुडी फोडतात आणि द्रावण मॉर्डंट व इमल्शन यांच्यामध्ये पातळ, एकसारखं पसरवतात. मग क्रम असा:

१. अल्कली खालच्या थरांत झिरपते आणि डाय डेव्हलपर विरघळून हलायला लागतात.

२. जिथे इमल्शनवर प्रकाश पडला होता तिथे डाय डेव्हलपर चांदीचे कण डेव्हलप करतो, स्वतः ऑक्सिडाइज होतो आणि जागीच अडकतो.

३. जिथे प्रकाश पडला नाही तिथला रंग मोकळाच राहतो आणि वर चढत मॉर्डंटमध्ये जाऊन बसतो.

४. द्रावणातच टायटॅनियम डायऑक्साइड आणि पीएचनुसार, म्हणजे अल्कली किती तीव्र आहे त्यानुसार, रंग बदलणारे सूचक असतात. पीएच जास्त असेपर्यंत हे मिश्रण प्रकाश अडवतं, म्हणून फोटो उन्हात धरूनही खालचं इमल्शन खराब होत नाही. पुढे पीएच उतरला की सूचक रंगहीन होतात आणि उरलेला टायटॅनियम डायऑक्साइड चित्रामागची पांढरी भिंत बनतो.

५. अल्कली हळूहळू रोधक थरातून आम्लाच्या थरात पोचते आणि मारली जाते. सगळं थांबतं.

रोलरवर वाळलेल्या द्रावणाचा कण राहिला तर ठरावीक अंतराने तोच डाग येतो. द्रावण कोपऱ्यापर्यंत पोचलं नाही तर तिथे त्रिकोणी कोरा भाग राहतो. या बारीकसारीक गोष्टी कोर्टात येतात, कारण पसरवण्याच्या यंत्रणेचीही पेटंटं असतात.

पायरी ५ वर एवढा खल का? शेवटी अल्कली मारायचीच ना?

मारायचीच, पण कधी, हा सगळा प्रश्न आहे. लवकर मारली तर रंग वाटेतच अडकतात आणि चित्र फिकं, धुतल्यासारखं येतं. उशिरा मारली तर रंग चढतच राहतात, पांढरं मळतं, कॉन्ट्रास्ट बसतो, आणि उरलेला डाय डेव्हलपर हवेने ऑक्सिडाइज होऊन डाग धरतो. तीन रंग तीन वेगवेगळ्या खोलीवरून निघतात, म्हणून घाई झाली तर सगळ्यांत खालचा निळसर रंग सर्वांत आधी मार खातो. थंडीत रसायनं मंदावतात, उन्हाळ्यात पळतात, तरी घड्याळ जुळायला हवं.

आम्लाचा थर किती लागेल याचा अंदाज कागदावर काढता येतो. उदाहरणादाखल धरू की द्रावणाचा थर ७५ मायक्रॉन जाड आहे, म्हणजे दर चौरस मीटरला ७५ मिलिलीटर. पोटॅशियम हायड्रॉक्साइड लीटरला ५६ ग्रॅम, म्हणजे एक मोल. तर चौरस मीटरला ७५ मिलिमोल अल्कली मारायची आहे. इथिलीन आणि मॅलेइक अनहायड्राइडच्या कोपॉलिमरचा अर्धा ब्यूटिल एस्टर वापरला तर त्याचं एक आम्लगट-वजन साधारण २०० ग्रॅम, म्हणून किमान १५ ग्रॅम प्रति चौरस मीटर हवा. प्रत्यक्षात जास्त ठेवावा लागतो, कारण सगळे आम्लगट वेळेत हाताशी येत नाहीत. हा हिशोब कुठलाही रसायनशास्त्राचा पदवीधर दहा मिनिटांत करेल. ‘किती’चं उत्तर सोपं आहे, ‘कधी’चं नाही. उघडपणाच्या वादात हा फरक मांडता आला नाही की पेटंटधारकाची बाजू लंगडी पडते.

कोडॅकची फिल्म तर वेगळीच होती. मग भंग कसा?

रसायन खरोखरच वेगळं होतं. कोडॅकने डाय डेव्हलपर न वापरता रंग सोडणारे रेणू वापरले: रंग एका जड, न हलणाऱ्या तुकड्याला बांधलेला, आणि ऑक्सिडाइज झालेल्या डेव्हलपरशी गाठ पडली की सुटणारा. त्यासाठी इमल्शनही उलटं, म्हणजे प्रकाश न पडलेले कण डेव्हलप होणारं. फोटो एका बाजूने घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूने पाहायचा, त्यामुळे कॅमेऱ्यात आरसाही सक्तीचा नव्हता. द्रावणात प्रकाश अडवायला कार्बनची काजळी.

तरी बंद पाकीट, फोडायची पुडी, रंग धरणारा थर, पांढरी भिंत, आम्लाचा थर, रोधक थर आणि रोलर ही मांडणी तिथेही होती. क्लेम जर ‘डाय डेव्हलपर’ या शब्दाला बांधलेला नसेल आणि मांडणी व तिचं काम यांच्या भाषेत लिहिलेला असेल, तर रंगाचा रेणू बदलून सुटका होत नाही. दहातल्या तीन पेटंटांवर कोडॅक सुटली, साती ठिकाणी नाही. आणि क्लेम एवढा व्यापक लिहिला की उघडपणाचा हल्लाही तितकाच सोपा होतो, कारण व्यापक क्लेम जुन्या माहितीच्या जास्त जवळ सरकतो. पोलरॉइडने ही दोरी दोन्ही बाजूंनी सांभाळली, यात त्यांच्या मसुदाकारांचं श्रेय मोठं आहे.

‘उघड आहे’ हे कायद्याने कसं ठरतं?

अमेरिकी पेटंट कायद्याचं कलम १०३. त्याचा अर्थ लावणारा पायाभूत निकाल १९६६चा, ग्रॅहॅम विरुद्ध जॉन डीअर. तो नांगराच्या पेटंटवरचा होता. त्याने चार तपासण्या घालून दिल्या: आधीची माहिती काय सांगते, ती आणि क्लेम यांत फरक काय, त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराची पातळी काय, आणि यश, जुनी गरज, इतरांचं अपयश असे बाहेरचे पुरावे काय सांगतात. तारीख महत्त्वाची: या पेटंटांना लागू असलेल्या तेव्हाच्या कायद्यात शोधाच्या वेळी उघड असायला हवं, खटल्याच्या वेळी नव्हे.

पुराव्याचं ओझं पेटंट खोडणाऱ्यावर, आणि तेही जड. कलम २८२ मुळे पेटंट वैध धरूनच सुरुवात होते आणि ते पाडायला स्पष्ट व खात्रीशीर पुरावा लागतो. नेहमीच्या दिवाणी दाव्यातलं ‘जास्त शक्य कोणतं’ एवढं मोजमाप पुरत नाही.

सगळे भाग आधी माहीत होते. मग पेटंट टिकलंच कसं?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि तो विचारतानाच चूक होते. कायदा भागांची मोजदाद करत नाही. नवीन रसायन हे जवळजवळ नेहमी जुन्या भागांचंच बनतं. विचारायचं असं: त्या तारखेला, उत्तर माहीत नसताना, हे भाग या रीतीने एकत्र आणायला त्या माणसाकडे काय कारण होतं, आणि आणले असते तर चालतील अशी त्याला वाजवी आशा होती का?

पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांचं ३,३६२,८२१ क्रमांकाचं, जानेवारी १९६८चं पेटंट घ्या. विषय: डिफ्यूजन ट्रान्सफरच्या फिल्ममध्ये पॉलिमर आम्लाचा थर. कोडॅकच्या बाजूचा युक्तिवाद वरवर पाहता पक्का वाटतो. कृष्णधवल झटपट फोटोत उरलेली अल्कली त्रास देते, हे माहीत होतं. आम्लाने ती मारता येते, हे तर शाळेतलं रसायन. मग रंगीत फिल्ममध्ये आम्लाचा थर घालण्यात कसली प्रतिभा?

उलट बाजू अशी मांडावी लागते. कृष्णधवल प्रक्रियेत चांदीचा संयुग-रेणू थोडं अंतर जातो आणि पटकन स्थिरावतो. रंगीत प्रक्रियेत मोठमोठे रंगरेणू, तीन वेगवेगळ्या खोलीवरून, केवळ जास्त पीएचच्या जोरावर चढतात. आणि आम्लाचा थर कुठे ठेवायचा? रंग जिथे पोचायचे त्याच थराच्या पाठीला. म्हणजे प्रवाशाला लागणारं पाणी त्याच्या मुक्कामावरच आटवायचं. त्या काळच्या जाणकाराला याची धास्ती वाटली असती की रंग पोचायच्या आत पीएच पडेल. वेळ साधता येते हे कळल्यावर ती धास्ती फोल ठरते, पण कळण्याआधी ती खरीच असते. जुनी माहिती अशी ‘तिकडे जाऊ नका’ सांगत असेल, तर ती उघडपणाच्या विरोधात जाते.

शिवाय, गरज जुनी होती याचा पुरावा ग्राहकाच्या हातात होता. पोलरॉइडचे कृष्णधवल प्रिंट टिकावेत म्हणून त्यांच्यावर सोबत दिलेल्या ओल्या बोळ्याने लेप फिरवावा लागे. लोक विसरत, आणि चित्रं पिवळी पडत. १९६३ला पोलाकलर ही पोलरॉइडची रंगीत फिल्म आली, तिला तो लेप लागत नव्हता.

हा ‘सामान्य जाणकार’ म्हणजे कोण? कोडॅकचा शास्त्रज्ञ की गल्लीतला फोटोवाला?

दोघेही नाहीत. तो कायद्याने कल्पिलेला माणूस आहे: त्या क्षेत्रातलं सगळं प्रसिद्ध साहित्य वाचलेला, पण प्रतिभेची झेप नसलेला. या विषयात तो फोटोग्राफिक रसायनाचं शिक्षण आणि इमल्शन किंवा कोटिंगच्या प्रयोगशाळेत काही वर्षं काम केलेला असेल. कोणत्याही बाजूने त्याची पातळी आपल्या सोयीने ओढली तर निकाल हलतो. पातळी वर नेली की सगळंच उघड वाटतं, खाली आणली की काहीच नाही. म्हणून साक्षी-पुराव्यात हे आधी बांधून घ्यावं, शेवटी नाही.

भरपूर खप झाला म्हणून शोध उघड नव्हता, हा कसला तर्क?

एकटा घेतला तर कमजोरच आहे. कॅमेरा जाहिरातीने खपू शकतो, दिसण्याने खपू शकतो. म्हणून खपाचा धागा क्लेममधल्या गुणाशी जोडावा लागतो. इथे तो जोडता येत होता: लोकांना हवा होता तो कचरा न करणारा, सोलायला न लागणारा, उजेडात डोळ्यांदेखत उमटणारा फोटो, आणि नेमकं तेच क्लेममध्ये होतं.

त्याहून जास्त बोलतो तो प्रतिस्पर्ध्याचा इतिहास. कोडॅक परकी नव्हती. पोलाकलरचं निगेटिव्ह पोलरॉइडला कोडॅकच करून देत होती. नंतर तिने स्वतःची झटपट फिल्म करायला घेतली, ती सोलायच्या प्रकारची. १९७२ला एसएक्स-७० दिसल्यावर तो आराखडा बाजूला पडला आणि एकसंध, म्हणजे सोलायला न लागणाऱ्या, फिल्मचं काम सुरू झालं. एवढा पैसा, एवढी माणसं आणि इतक्या जवळची ओळख असलेली कंपनी जर त्या वाटेने आधी गेली नाही, तर ‘कुणालाही सुचलं असतं’ हे म्हणणं तिच्या तोंडी शोभत नाही. माझ्या मते उघडपणाच्या बचावाला सर्वांत मोठी खीळ इथेच बसली.

सगळी पेटंटं रसायनाचीच होती का?

नाही. फिल्मबरोबर कॅमेऱ्याच्या यांत्रिक भागांचीही होती.

मुदत संपलेल्या पेटंटवर हरून उपयोग काय?

चांगला प्रश्न, कारण इथे तसं घडलं. तेव्हा अमेरिकेत मुदत पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षं होती. लँड यांचं वर सांगितलेलं जानेवारी १९६८चं पेटंट जानेवारी १९८५मध्ये, म्हणजे निकालाआधीच, संपलं. संपलेल्या पेटंटवर मनाई मिळत नाही, पण मुदतीतल्या भंगाची भरपाई मिळते, दावा दाखल होण्याआधीच्या सहा वर्षांपर्यंतची. मनाई हुकूम मुदत शिल्लक असलेल्या पेटंटांच्या जोरावर आला.

मनाईचा परिणाम काय झाला?

९ जानेवारी १९८६पासून कोडॅकला झटपट फोटोचे कॅमेरे आणि फिल्म बनवणं, विकणं बंद करावं लागलं. अपिलापर्यंत स्थगिती मागितली, ती मिळाली नाही. ज्यांच्या घरात कोडॅकचे कॅमेरे होते त्यांच्यासाठी फिल्मच उरली नाही, आणि त्यावरून ग्राहकांचे वेगळे दावे झाले.

आज असा हुकूम इतक्या सहज निघेल असं नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या ईबे निकालानंतर भंग सिद्ध झाला की मनाई ठरलेलीच, असं राहिलेलं नाही. पण दोन्ही पक्ष एकाच बाजारात थेट भांडत असतील तर ती अजूनही मिळते, आणि हे दोघे तसेच होते.

पैसे किती द्यावे लागले?

भरपाई दुसऱ्या न्यायाधीशांनी, ए. डेव्हिड मॅझोन यांनी, ठरवली. ऑक्टोबर १९९०चा आकडा सुमारे ९०.९ कोटी डॉलर होता, त्यातला जवळजवळ अर्धा व्याजाचा. हिशोब दुरुस्त झाल्यावर जानेवारी १९९१मध्ये तो सुमारे ८७.३ कोटींवर आला, आणि त्या वर्षी दोघांनी ९२.५ कोटींवर तडजोड केली. पोलरॉइडची मागणी मात्र तिप्पट दंड धरून सुमारे १२०० कोटींची होती.

तिप्पट दंड टळला, कारण भंग जाणूनबुजून केलेला ठरला नाही. कोडॅकने कामाच्या आधी आणि दरम्यान बाहेरच्या पेटंट वकिलाकडून लेखी मतं घेतली होती. मतं चुकीची निघाली, पण प्रामाणिकपणे घेतली होती. कारखान्यात नवीन उत्पादन येणार असेल तर असं लेखी मत घेऊन ठेवणं का परवडतं, त्याचं हे उत्तर.

आजच्या कायद्याने हाच खटला चालला तर निकाल बदलेल का?

काही क्लेमवर कोडॅकला आज जास्त वाव मिळाला असता. २००७च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालाने उघडपणाची कसोटी सैल केली: जोडण्याचं कारण जुन्या कागदात लिहिलेलंच हवं असं नाही, जाणकाराची सामान्य बुद्धी आणि बाजाराची ओढही चालते. मोजकेच, अंदाजात बसणारे पर्याय असतील तर ‘करून पाहणं उघड होतं’ हेही म्हणता येतं. यांत्रिक क्लेमना हे जास्त लागतं. रसायनात परिणाम आधी सांगता येत नाहीत, म्हणून तिथे पेटंटधारक तुलनेने सुरक्षित राहतो.

दुसरा फरक रस्त्याचा. २०१२पासून पेटंट कार्यालयाच्याच मंडळापुढे वैधतेला आव्हान देता येतं. तिथे पुराव्याचं मोजमाप हलकं आहे. दाव्याची नोटीस मिळाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, आणि मंडळाने प्रकरण घेतलं की साधारण वर्षभरात निर्णय येतो. दहा वर्षं झुंजण्याची वेळ कोडॅकवर कदाचित आली नसती.

असं पेटंट उघड आहे हे दाखवायचं तर तक्ता कसा बांधावा?

आधी एकच क्लेम निवडा, सर्वांत व्यापक असलेला. त्याचे तुकडे करा: आधार, प्रकाशसंवेदी थर आणि त्याचा रंग, रंग धरणारा थर, पुडी, आम्लाचा थर, रोधक थर, आणि ‘रंग बराचसा उतरल्यानंतर पीएच खाली येईल असा’ सारखं कार्य सांगणारं वाक्य. हे शेवटचं वाक्य लोक तक्त्यात घ्यायचं विसरतात, आणि बहुतेक हल्ले तिथेच फसतात. थराचं नाव जुन्या कागदात सापडतं, त्या थराने त्या वेळी ते काम केल्याचं सापडत नाही.

मग अग्रक्रमाची तारीख पक्की करा. त्यानंतरचा एकही कागद टेबलावर नको. प्रत्येक तुकड्यासमोर जुन्या कागदाचं पान आणि ओळ लिहा. ‘सारांशाने हेच म्हणतो’ असं कुठे लिहावंसं वाटलं तर ती रिकामी जागा समजा.

एका मुख्य कागदापासून सुरुवात करा, आणि त्याला दुसरा जोडण्याचं कारण स्वतंत्र परिच्छेदात लिहा. चार-पाच कागद जोडावे लागत असतील तर थांबून विचार करा. कायद्याने बंदी नाही, पण न्यायाधीशाला शंका येते की उत्तर पाहून तुकडे गोळा केले. जोडण्याच्या विरोधात जाणारी वाक्यं स्वतःच शोधून ठेवा. समोरचा ती शोधणारच.

जुनं उदाहरण प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहायचं असेल तर त्या काळचाच माल लागतो. आजचं जिलेटिन, आजचे कोटिंग मदतनीस आणि एकसारखी जाडी देणारी आजची यंत्रं वापरली तर जुनं सूत्र तेव्हा चाललं नसतं तरी आज चालतं, आणि उलटतपासणीत सगळा प्रयोग वाया जातो. पीएच मोजताना सपाट टोकाचा इलेक्ट्रोड वापरा, फिल्म उघडून मोजलेली वेळ आणि बंद फिल्ममधली वेळ एक धरू नका, आणि किमान तीन तापमानांवर मोजा. २४ अंशांवरचा एकच आलेख कुणाला पटत नाही.

आणि पेटंट वाचवायचं असेल तर?

प्रयोगवही. नापास नमुन्यांच्या नोंदी, फिके आलेले, डाग धरलेले, तारखेसह. सरळ मिळालेलं यश उघडपणाकडे झुकतं. दहा जाडींचे रोधक थर करून नऊ वाया गेल्याची नोंद असेल तर तुमच्या साक्षीदाराला फार बोलावं लागत नाही.

भारतात हीच कसोटी आहे का?

जवळपास. पेटंट कायदा १९७०च्या कलम २(१)(जेए) मध्ये शोधपायरीची व्याख्या आहे: आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, आणि जाणकाराला उघड नसणं. सर्वोच्च न्यायालयाचा आधारभूत निकाल बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. तो भांडी बनवण्याच्या यंत्राबद्दलचा आहे आणि तिथे पेटंट टिकलं नाही.

मोठा फरक गृहीतकात. कलम १३(४) सांगतं की पेटंट दिलं म्हणजे त्याच्या वैधतेची हमी दिली असं नाही. अमेरिकेतलं जड ओझं इथे आव्हान देणाऱ्यावर त्या प्रमाणात नसतं.

विरोधाच्या वाटा तीन. पेटंट मिळण्याआधी कुणीही कलम २५(१) खाली फॉर्म ७-एने विरोध करू शकतो. मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात हितसंबंध असलेली व्यक्ती कलम २५(२) खाली फॉर्म ७ने. नंतर कलम ६४(१)(एफ) खाली उच्च न्यायालयात रद्द करण्याची मागणी, किंवा भंगाच्या दाव्यात बचाव म्हणून तोच मुद्दा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचं काम मुंबईच्या अँटॉप हिल इथल्या पेटंट कार्यालयाकडे येतं. मिळण्याआधीची वाट सर्वांत स्वस्त आहे, पण लोक प्रसिद्ध झालेले अर्ज वेळेवर पाहत नाहीत. आठवड्यातून एकदा पेटंट कार्यालयाची पत्रिका आपल्या वर्गापुरती चाळायची सवय ठेवली तर वर्षाची घाई टळते.

आता बाजारात मिळणारा इन्स्टॅक्स कुणाच्या पद्धतीचा?

फुजीचा. १९८१मध्ये जपानमध्ये आलेल्या फोटोरामाची फिल्म कोडॅकच्या पीआर-१०च्या वळणावर बेतलेली होती, आणि १९९८चा इन्स्टॅक्स त्याच घराण्यातला. म्हणून त्यात फोटो मागच्या बाजूने घेतला जातो आणि पुढच्या बाजूने पाहिला जातो. पोलरॉइड नावाने आज मिळणारी एकसंध फिल्म मात्र ज्या बाजूने घेतली त्याच बाजूने दिसते, आणि म्हणून तिच्या घडीच्या कॅमेऱ्यांत आरसा लागतो.